ससा नखं कापू देत नाही, पायाला हात लावला की लाथा झाडतो

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. घरात दोन वर्षांचा नर ससा आहे. वजन पावणेदोन किलो, नसबंदी झालेली. रंग पांढरा-तपकिरी, पुढच्या पायांची नखं पांढरी आहेत, मागच्या पायांची जवळपास काळी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, त्यामुळे नखं झिजतच नाहीत. आता चालताना टकटक आवाज येतो आणि पुढच्या एका पायाचं अंगठ्याचं नख आडवं वळायला लागलंय.

एरवी पायाशी येऊन डोकं खाजवून घेतो. पण उचललं की लाथा, आणि कटर दिसला की कटरलाच चावतो. एका दवाखान्यात मानगुटीला धरून दोन मिनिटांत कापून दिली, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं तोंडाला काही लावलं नाही. म्हणून आता घरीच शिकायचंय.

धरायचं कसं? काळ्या नखात कुठपर्यंत कापायचं ते कळणार कसं? सशाला पाठीवर उलटा केला की शांत झोपतो असं व्हिडिओत दाखवतात, ते बरोबर आहे का? शांत राहायला काही औषध असतं का? मुलगी सहावीत आहे, तिनं धरलं तर चालेल का? माझ्याकडे लहान बाळांचं नेलकटर आणि ऑनलाइन मागवलेला कुत्र्यांचा गिलोटिन कटर आहे.

पशुवैद्य_करवीर

आधी धरण्याचं बोलतो. कापणं दहा टक्के काम आहे, उरलेलं सगळं धरणं.

मानगुटीला धरून लोंबकळवायचं नाही, कानाला तर हातच लावायचा नाही. सशाची हाडं त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के भरतात. मांजरात हेच १२-१३ टक्क्यांच्या घरात जातं. उलट मागच्या मांड्या मात्र दांडग्या. मागचा भाग अधांतरी राहिला आणि त्यानं जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच ताकदीनं त्याचा कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडतात. नखं कापताना होणारी सगळ्यात वाईट इजा ही आहे, रक्त येणं नव्हे.

तुमच्या सशाला उचललेलं खपत नाही ना? मग उचलू नका. जमिनीवर सतरंजी टाका आणि वज्रासनात बसा, गुडघे थोडे फाकवून. ससा दोन मांड्यांच्या मध्ये, तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला. घाबरलेला ससा बहुतेक वेळा मागे सरकून निसटायला बघतो. इथे मागे तुमचं पोट आहे आणि दोन्ही बाजूंना मांड्या. पुढे निघाला तर डावा हात छातीपुढे आडवा धरायचा, बस्स. दाबायचं नाही.

पुढच्या पायासाठी डावा हात छातीखालून घाला, छाती दोन बोटं उचला आणि त्याच हाताच्या बोटांत पंजा घ्या: अंगठा वर, तर्जनी खाली. मागचे पाय सतरंजीवर टेकलेलेच राहू देत. पायाखाली काहीतरी आहे हे कळलं की ससा निम्मा शांत होतो.

मागच्या पायासाठी पाय ओढून बाहेर काढण्याची चूक सगळे करतात. गरजच नाही. तो बसलेला असताना मागचा पंजा लांब आणि सपाट टेकलेला असतो, नखं समोरच असतात. केस बोटानं मागे सारून, पंजा इंचभर बाजूला सरकवून, टेकलेल्या स्थितीतच नखं कापता येतात. उचलावा लागलाच तर सांधा जसा दुमडतो तसाच उचला. मागे ताणायचा नाही, बाजूला फाकवायचा तर मुळीच नाही.

आणि लाथा सुरू झाल्या तर? पाय घट्ट आवळायचा नाही. पाय सोडून द्या आणि अंग धरा. पाय अडकलेला असताना अंग पिळतं, मणका तिथे जातो. पाय मोकळा असला तर फार तर तुमच्या हातावर ओरखडा. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

मुलीला धरायला देऊ नका. तिच्या ताकदीचा प्रश्न नाही, लाथ बसली की ती दचकून हात सोडेल आणि ससा उंचावरून पडेल. तिला टॉर्च द्या, नाहीतर समोर बसून कोथिंबिरीची एकेक काडी भरवायचं काम द्या. हे काम खरंच महत्त्वाचं आहे.

उलटा करण्याबद्दल आणि औषधाबद्दल रात्री लिहितो, ओपीडी आहे.

तांबडा_पांढरा

टॉवेलमध्ये गुंडाळायचं कुणी सांगितलं नाही अजून, म्हणून लिहितो. वज्रासन एकट्यासाठी ठीक, पण कटरला चावणारा ससा असेल तर दोन माणसं आणि टॉवेल हेच सोपं.

टॉवेल टेबलावर आडवा पसरा. टेबलावर आधी योगा मॅटचा तुकडा किंवा रबरी पायपुसणं हवं, नाहीतर टॉवेलसकट ससा घसरतो. ससा टॉवेलच्या मध्यावर, मान टॉवेलच्या कडेशी. चारही पाय पोटाखाली घेतलेले, नेहमी पावाच्या लादीसारखा गोळा होऊन बसतो तसा. डावी बाजू अंगावरून आणून उजव्या कुशीखाली खोचा. मग पुढची कड हनुवटीखालून छातीवर आणा. मग उजवी बाजू वरून घेऊन डाव्या कुशीखाली. मागची मोकळी बाजू शेवटी ढुंगणाखाली दुमडा. मागचे पाय अंगाखाली घट्ट बसले पाहिजेत. लोक मान आवळतात आणि मागचा भाग सैल सोडतात, नेमकं उलटं हवं. मान आणि टॉवेल यांत एक बोट सहज जायला हवं आणि नाक पूर्ण उघडं. ससा नाकानंच श्वास घेतो. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला म्हणजे परिस्थिती हाताबाहेर चालली आहे.

धरणारा माणूस सशाच्या मागे उभा राहतो, दोन्ही कोपर दोन्ही बाजूंना टेकवून, सशाचं डोकं कोपराच्या खोबणीत. डोळ्यांपुढे अंधार झाला की बहुतेक ससे ढिले पडतात. तोंडही झाकलं जातं, मग कटर दिसतही नाही आणि चावताही येत नाही. कापणारा एका वेळी एकच पंजा बाहेर काढतो, नखं कापतो, पंजा परत आत. पाच मिनिटं झाली की थांबायचं, कितीही उरली असली तरी.

टेबलावरून हात एक सेकंदही काढू नका. कमरेच्या उंचीवरून उडी मारली तरी पाय मोडतो.

मावळा_२१

एवढा खटाटोप कशाला? मांडीवर उलटा टाकायचा, पोटावरून हात फिरवायचा, दोन मिनिटांत गाढ झोपतो. सगळी नखं एका दमात कापून होतात. आमच्याकडे सगळे असंच करतात.

पशुवैद्य_करवीर

@मावळा, तो झोपत नाही. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहण्याची ती शेवटची युक्ती आहे. हालचाल थांबते, पण भीती थांबत नाही. बाहेरून शांत दिसतो हीच त्यातली फसगत. शिवाय ती अवस्था अचानक तुटते: बाहेर कुणी गाडीचा हॉर्न दिला की ससा एका झटक्यात पीळ घेऊन उठतो आणि त्या क्षणी पाठ तुमच्या मांडीवर वाकडी असते. मणक्याचं वर लिहिलंय तेच पुन्हा. तपासणीसाठी फारच गरज पडली तर दवाखान्यात क्वचित करतात. दर महिन्याच्या नखांसाठी नको.

औषध: घरी काहीही देऊ नका. माणसाची झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, क्रोसिन, काहीच नाही. ससा अगदीच आवरत नसेल तर दवाखान्यात मिडाझोलामसारखं सौम्य गुंगीचं इंजेक्शन देऊन नखं कापता येतात, मात्र डोस वजनावर ठरतो आणि नंतर जागं होईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी नेताना उपाशी ठेवू नका. कुत्रा-मांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात म्हणून लोक सशालाही ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे तो धोकाच नसतो. उलट आतडं रिकामं राहिलं की त्याची हालचाल मंदावते आणि तेच जिवावर बेततं. पिंजऱ्यात गवत घालूनच आणा.

तुमचा ससा दवाखान्यातून आल्यावर संध्याकाळपर्यंत जेवला नाही, तेही याच धाटणीचं आहे. ताण आला की आतडं थांबतं. घरी नखं कापल्यावरही तासा-दोन तासांत तो गवताला तोंड लावतो का बघा. १०-१२ तास खाणं नाही किंवा लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. तातडीची बाब आहे.

नखवाली_ताई

आता कापण्याकडे येऊ. आधी हत्यार.

गिलोटिन बाजूला ठेवा. त्याच्या गोल भोकात सशाचं वळलेलं बारीक नख घालता घालता ससा चारदा पाय ओढतो, आणि नख कुठे कापलं जाणार ते आतून दिसत नाही. बाळाचं नेलकटर माणसाच्या चपट्या नखासाठी असतं. सशाचं नख गोलसर, आतून पोकळीचं. सपाट पात्यात ते आधी चेपतं, मग उभं चिरतं, आणि ती चीर कधीकधी मुळापर्यंत जाते. मांजरांसाठीची छोटी कात्री मिळते, पात्यांना अर्धगोल खाच असलेली. तीच घ्या. नख खाचेत बसतं, सरकत नाही, आणि कुठे कापतोय ते दोन्ही बाजूंनी दिसतं.

नखं एकूण १८. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. पुढच्या पायाचं पाचवं म्हणजे आतल्या बाजूला थोडं वर असलेलं अंगठ्याचं नख. ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून कुठल्याही फरशीवर झिजत नाही, आणि केसांत लपलेलं असल्यामुळे हमखास राहून जातं. तुमचं आडवं वळलंय ते हेच. दरवेळी सुरुवात त्या दोन नखांपासून करा. मधेच ससा बिथरला आणि सोडावं लागलं तरी सगळ्यात धोक्याची दोन उरकलेली असतात.

पंजावर दाट केस असतात, तळव्यालासुद्धा. कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या सशाला नसतात. नख शोधायला बोट पाण्यात बुडवून केस मागे चापून बसवा. थेंबभर पाणी पुरे, पाय भिजवायचा नाही. केस कात्रीत सापडले की ओढले जातात, आणि सशाला वाटतं नखच दुखलं.

पांढऱ्या नखात आत गुलाबी रेघ दिसते. तीत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही आहेत. ती संपते तिथून टोकाकडे २ ते ३ मिलिमीटर सोडून कापा. काळ्या नखाला मोबाइलचा टॉर्च नखाच्या खालून, अगदी चिकटवून धरा आणि खोलीतला दिवा मालवा. नखाच्या मुळाकडे गडद सावली दिसते आणि टोकाकडचा भाग जरा उजळ. सावली जिथे संपते तीच तुमची हद्द. टॉर्चनं काहीच दिसलं नाही तर एकदम तुकडा पाडू नका, मिलिमीटरभर चकत्या काढा आणि दरवेळी कापलेल्या तोंडाकडे बघा. कोरडं, खडूसारखं दिसतंय तोवर पुढे जायला हरकत नाही. मध्यभागी ओलसर गडद ठिपका दिसायला लागला की थांबा.

आणखी एक खूण हाताला कळते. कात्री नखावर ठेवून अगदी हलकं दाबा, कापू नका. पाय झटकन मागे गेला तर तुम्ही जिवंत भागावर आहात, टोकाकडे सरका. काहीच प्रतिक्रिया नाही, तर एका ठाम झटक्यात कापा. हळूहळू दाबत कापलं की नख चुरडतं.

आधी पुढची पांढरी नखं करून हात बसवा, काळी मग. पहिल्याच दिवशी १८ पूर्ण करायचा हट्ट नको. रोज एक पंजा केला तरी चार दिवसांत होतं, आणि कुठल्या नखापर्यंत आलो ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

फार वाढलेल्या नखाबद्दल एक गोष्ट. नख वाढतं तसा आतला जिवंत भागही टोकाकडे येतो, त्यामुळे एका दिवसात ते आखूड होणार नाही. थोडंसं कापा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा थोडंसं. आतला भाग हळूहळू मागे सरतो. नेहमीच्या लांबीवर आलं की मग दर ४ ते ६ आठवड्यांनी पुरतं.

बावडेकर_भाऊ

रगात आलं तर काय करायचं ते कुणी लिव्हलंच न्हाई, म्हणून मी लिव्हतो. कापायला बसायच्या आधीच वाटीत कॉर्नफ्लोअर घ्या, नसलं तर मैदा. रगात आल्यावर डबे हुडकत फिरू नका, तोवर ससा घरभर ठिपके पाडत सुटतोय.

आधी कापूस न्हाईतर स्वच्छ फडकं नखाच्या टोकावर दाबून धरायचं, दोन-तीन मिनटं. मधी उचलून बघायचं न्हाई. हितंच सगळी चुकत्यात, दर धा सेकंदाला उघडून बघत्यात, आणि जमल्याली खपली निघती. मग नखाचं टोक कॉर्नफ्लोअरात खुपसायचं, दाबून पेंड भरल्यागत भरायचं, आन् परत मिनिटभर दाबायचं. पावडर नाकाजवळ उडू द्यायची न्हाई.

तुरटी पण चालती की. न्हाव्याकडं असती तीच. बारीक पूड करून ओल्या कापसावर घ्यायची. पर झोंबती, ससा लाथ मारणार हे धरूनच चाला. पयला कॉर्नफ्लोअर, न्हाई थांबलं तरच तुरटी.

मग तासभर त्याला जुन्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. लिटरमधी, म्हंजी त्याच्या शी-शूच्या भुश्शात, सोडला तर भुस्सा जखमेला चिकटतोय. पांढऱ्या फडक्यावर रगात परत आलं का तेबी दिसतं. धा-पंधरा मिनटं दाबूनबी थांबंना, तर सरळ डॉक्टरकडं. आणि टाइलवर चार थेंब सांडलं तरी लई सांडल्यागत दिसतं, घाबरू नका.

हळद लावू नका. विष न्हाई ती, पर पिवळ्या लगद्यात रगात थांबलं का न्हाई ते कळत न्हाई. डेटॉल तर अजिबात नको, पाय चाटणारं जनावर हाय.

गांधीनगर_होलसेल

@तांबडा_पांढरा, टर्किश टॉवेलला माझा विरोध. वाढलेलं नख त्याच्या फुलांत, म्हणजे त्या बारीक फासांत अडकतं. ससा पाय ओढतो, नख मुळातून उपटतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पस्तिशीच्या वर असताना जाड टॉवेलात गुंडाळलेला ससा म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. तिशीच्या आसपासच त्याला त्रास सुरू होतो. साधा सुती पंचा डबल करून घ्या. फास नाहीत, हवा खेळती, आणि पकडही चांगली.

तांबडा_पांढरा

फासांचा मुद्दा मान्य, तेवढ्यासाठी पंचा बरा. फक्त पंचा पातळ असल्यानं ढिला पडतो, त्यामुळे मागचा भाग दोनदा खोचावा लागेल. उन्हाळ्यात मी तर म्हणेन गुंडाळूच नका, वज्रासनच करा, सकाळी नऊच्या आत, पंख्याखाली.

पशुवैद्य_करवीर

वेळेबद्दल भर घालतो. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हुंदडतो, दुपारी सुस्तावतो. म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत दुपारी बारा ते चार ही नखांची उत्तम वेळ. उन्हाळ्यात मात्र तांबडा_पांढरा म्हणतात तसं सकाळी. कान हाताला तापलेले लागले, श्वास फार जलद झाला, डोकं मागे टाकायला लागला, की कापणं तिथेच सोडायचं आणि त्याला गार फरशीवर मोकळं करायचं. फ्रीजचं पाणी अंगावर ओतायचं नाही. साध्या पाण्याचा ओला हात कानांवरून फिरवा, आणि पाच-दहा मिनिटांत सावरला नाही तर दवाखाना गाठा.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका. अंगठ्याचं नख आता जवळून पाहिलं, ते कातडीला टेकलंय, पण आत गेलंय की नाही कळत नाही. आणि टाइलचं काय करू? पिंजऱ्यात सॅंडपेपर चिकटवला तर नखं आपोआप घासतील असं एका दुकानदारानं सांगितलं.

नखवाली_ताई

सॅंडपेपर नको. नखं घासायच्या आधी तळवे सोलून निघतील. वर लिहिलंय तसं, सशाच्या तळव्याला गादी नसते, नुसते केस असतात. केस गेले की टाच उघडी पडते. तारेच्या जाळीच्या तळाचंही तेच.

टाइलवर जिथे तो जास्त वावरतो तिथे सतरंजी किंवा जुनी सुती चादर अंथरा. गोणपाट घालतात काही जण. त्याचे धागे नखात गुंततात आणि ससा ते खातोही. एका खोक्यात गवत आणि कागदाचे तुकडे भरून उकरायला दिलं तर पुढची नखं थोडी झिजतील, पण कापायची गरज संपेल असं मनात आणू नका.

आणि त्याला पायाला हात लावू देण्याची सवय आतापासून लावा, कटर न दाखवता. खाताना खांद्यावर हात, मग पुढच्या पायावर, मग पंजा क्षणभर उचलून लगेच सोडायचा. त्यानं ओढायच्या आत तुम्हीच सोडायचं. पाय ओढला की सुटका होते हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की पुढे प्रत्येक वेळी ओढणार. हे जमलं की कात्री नुसती शेजारी ठेवा. मग कात्रीचा थंड स्पर्श नखाला. मग एक नख. खाऊ म्हणून कोथिंबीर, मेथीचं पान, दूर्वा. केळ्याची नखाएवढी चकती सगळ्यात जास्त आवडते, पण साखर असते, म्हणून ती फक्त नखांच्या दिवसासाठी राखून ठेवा. गाजराचंही तसंच, थोडंसंच. गूळ देणारे लोकही पाहिलेत. कोल्हापूर असलं म्हणून सशाला गूळ द्यायचा नसतो.

पशुवैद्य_करवीर

अंगठ्याच्या नखाबद्दल: केस ओले करून बाजूला करा, टॉर्च धरा. नख आणि कातडी यांच्या मधून पातळ कागदाची कडा सरकते का बघा. सरकली तर नख नुसतं टेकलंय. मधे कागद तसाच ठेवून कात्रीनं टोक उडवा, कागदामुळे कातडी कात्रीत येत नाही. सरकली नाही, सूज आहे, खपली आहे किंवा ओलसर लागतंय, तर घरी कापू नका आणि ओढून तर अजिबात काढू नका. आत रुतलेलं नख काढल्यावर जखम धुवावी लागते, कधी प्रतिजैविकही लागतं. सशाचा पू घट्ट, लोण्यासारखा असतो, आपोआप वाहून जात नाही. गाठ धरून बसतो. आणि प्रतिजैविक घरातलं देऊ नका: अमॉक्सिसिलिन तोंडावाटे सशाला चालत नाही, आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि ससा जुलाबानं जातो.

पंजे हातात आलेच आहेत तर मागच्या टाचाही दरवेळी बघून घ्या. लांब नखांमुळे बोटं वर उचलली जातात, वजन मागे टाचेवर येतं आणि तिथले केस झडतात. टक्कल पडलेला, लालसर, जाडसर चट्टा दिसला तर ती टाचेच्या फोडाची सुरुवात. पावसाळ्यात जास्त, कारण अंथरूण दमट राहतं. जून ते सप्टेंबर इथली हवा अशी असते की सकाळी घातलेली चादर संध्याकाळी गार आणि ओलसर लागते. ती दिवसातून दोनदा बदला. याच दिवसांत शेपटीखालीही नजर टाका. लेंड्या किंवा लघवी चिकटून राहिली असेल तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. तशी एक जरी अळी दिसली तरी तो त्याच दिवशीचा दवाखाना.

राजारामपुरीकर

कागद सरकला, म्हणजे नख टेकलेलंच होतं. कागद मधे ठेवूनच टोक उडवलं, रक्त नाही. मुलीनं मेथी भरवली. बाकीच्या पंजांना उद्या हात लावतो. कात्रीची धार किती दिवस टिकते?

नखवाली_ताई

दिवसांवर नाही, आवाजावर ठरवा. धार असेल तर कापताना खट्ट असा एकच आवाज येतो. कुरकुर किंवा करकर ऐकू आली, किंवा कापलेल्या तोंडाला धागे लोंबले, की धार गेली. या छोट्या कात्रीला धार लावून घेण्यापेक्षा नवी घेणं सोपं पडतं, कारण खाचेची गोलाई साध्या सहाणेवर बिघडते. वापरून झाली की स्पिरिटच्या कापसानं पुसा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. पावसाळ्यात पुसून ठेवली नाही तर खाचेत गंज धरतो. पुढच्या वेळी सशाला लावायच्या आधी ते तेल कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्या, तो पाय चाटणारच.